आर्द्रताहारक यंत्र आणि त्याची गळती

आषाढ लागला कीं कोंकणांतील घरांना एक वेगळाच वास येऊं लागतो. दांडीवरचीं धोतरें तिसऱ्या दिवशींही ओलींच लागतात, डब्यांतून काढलेला भाजका पापड ताटांत येईतों मऊ पडतो, फळीवरच्या वहाणांवर पांढरी लव चढते आणि कपाट उघडलें कीं कुबट वाफ अंगावर येते. रत्नागिरी जिल्ह्यांत वर्षाकाठीं ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तेव्हां यांत नवल तें काय? आमच्या आजीच्या वेळीं यावर उपाय म्हणजे निखाऱ्यांची शेगडी आणि धुपाची धुरी. अलीकडे मात्र तालुक्याच्या गांवींही कित्येक घरीं ‘डीह्युमिडिफायर’ नांवाचें विजेचें यंत्र आलें आहे. दुकानदार त्यास ओलावा शोषणारें यंत्र म्हणतात. तें नांव मला पटत नाहीं. शोषण करतो तो टीपकागद. हें यंत्र हवेंतील पाणी हरण करून एका टाकींत आणून सोडतें, म्हणून मी त्यास आर्द्रताहारक म्हणतों. हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नव्हे. जें शोषतें तें पाणी आपल्या पोटांत धरून ठेवतें. जें हरण करतें तें पाण्यास एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं नेतें, आणि नेण्याला वाट लागते. या यंत्राच्या गळतीचें सारें रहस्य त्या वाटेंत आहे.

कारण या यंत्राविषयीं सर्वांत अधिक ऐकूं येणारी तक्रार हीच, कीं तें खालून गळतें. टाकी अर्धी रिकामी आणि जमिनीवर मात्र थारोळें! मग घरांतील एक पक्ष म्हणतो कीं यंत्र मोडीत काढा, दुसरा म्हणतो कीं कारागीर बोलवा, आणि तोंपर्यंत पायपुसणीं टाकून सर्वजण आपापल्या उद्योगास लागतात. वास्तविक पाहतां ही गळती बहुधा घरच्या घरीं शोधतां येते व पुष्कळदां घरच्या घरीं थांबवितांही येते. त्यासाठीं यंत्राचें आंतील काम थोडें समजून घेतलें पाहिजे.

उन्हाळ्यांत थंडगार पाण्यानें भरलेल्या तांब्यास बाहेरून घाम येतो, हें प्रत्येकानें पाहिलें आहे. तें पाणी तांब्यांतून झिरपलेलें नसतें. तें सभोंवारच्या हवेंतलें असतें. हवा जितकी उष्ण तितकी तिची बाष्प धरण्याची शक्ति अधिक. तीस अंश सेल्सियसला एका घनमीटर हवेंत सुमारें ३० ग्रॅम बाष्प मावतें. तीच हवा वीस अंशांवर आणली तर १७ ग्रॅम आणि दहा अंशांवर आणली तर साडेनऊ ग्रॅमसुद्धां धड मावत नाहीं. उरलेलें बाष्प पाणी होऊन खालीं उतरतें. आर्द्रताहारकांत हेंच घडतें. पंखा खोलींतील हवा एका जाळींतून आंत ओढतो. ती प्रथम एका थंड वेटोळ्यावरून जाते व तेथें तिचें पाणी सुटतें. मग ती मागच्या गरम वेटोळ्यावरून जाऊन कोरडी व किंचित् ऊन होऊन बाहेर पडते. थंड वेटोळ्यावरचे थेंब खालच्या एका उथळ तबकांत पडतात, तबकाच्या तळाशीं एक भोंक असतें, आणि त्यांतून पाणी टाकींत किंवा नळींत जातें. टाकींत एक तरंगतें बोंडूक असतें; टाकी भरली कीं तें वर येतें व यंत्र बंद पडतें. पाण्याची वाट काय ती एवढीच: वेटोळें, तबक, भोंक, टाकी. या वाटेंत पाण्याला कोठेंही जोर लावून ढकललेलें नसतें. तें केवळ आपल्या वजनानें खालीं उतरत असतें, आणि म्हणूनच तें अगदीं क्षुल्लक कारणानें वाट सोडतें.

एक हिशेब येथेंच सांगून टाकतों. बारा फूट लांब, दहा फूट रुंद व दहा फूट उंच अशा खोलींत सुमारें ३४ घनमीटर हवा असते. तीस अंशांस ८५ टक्के आर्द्रता असलेली ही हवा ५५ टक्क्यांवर आणण्यास अवघें ३०० ग्रॅम पाणी काढावें लागतें, म्हणजे एक तांब्यासुद्धां भरणार नाहीं. मग टाकींत रोज तीन-चार लिटर पाणी कोठून येतें? दाराखालच्या फटींतून, खिडकीच्या झडपांतून, कौलांच्या सांध्यांतून सारखी नवी हवा येत असते. शिवाय भिंती, लांकूड व कागद हींही आपली ओल हळूहळू सोडीत असतात. ज्यांच्या घरीं माजघर, ओटी व पडवी एकमेकांत उघडीं आहेत, त्यांनीं हें यंत्र ओटीवर ठेवून दिवसरात्र चालविणें म्हणजे समुद्र ओंजळीनें उपसणें होय. एक खोली निवडावी, तिच्या फटी बुजवाव्या आणि तिच्यापुरतें यंत्र वापरावें, असें माझें स्पष्ट मत आहे.

आमच्या घरीं ती खोली म्हणजे कोठीला लागून असलेली पोथ्यांची खोली. पणजोबांच्या हातच्या व त्यांच्याही मागच्या कांहीं पोथ्या तेथें सागवानी कपाटांत आहेत. जुन्या लेखकांची शाई काजळ व डिंक यांची असे. काजळ शतकेंच्या शतकें काळेंभोर राहतें, उन्हानें विटत नाहीं. परंतु त्याला कागदाशीं धरून ठेवणारा डिंक पाण्यांत विरघळतो, आणि ओल लागली कीं अक्षरें पसरतात. पोथीच्या शेवटीं लेखक तेलापासून, पाण्यापासून व सैल बांधणीपासून ग्रंथाचें रक्षण करा अशी विनवणी लिहून ठेवीत, ती उगाच नव्हे. वेष्टनांत वेखंड आणि कडुनिंबाचा पाला ठेवण्याची आमची जुनी रीत किडीसाठीं उत्तम आहे. ओलीपुढें मात्र वेखंडाचें कांहीं चालत नाहीं. आमची सूनबाई गेलीं दोन वर्षें सवड काढून या पोथ्यांच्या एकेका पानाचें छायाचित्र घेत आहे. निम्मेंही काम झालेलें नाहीं. गेल्या श्रावणांत एके सकाळीं ती खोलींत गेली तों कपाटाच्या पायाशीं पाणी! सर्वांत खालच्या फळीवरील एका पोथीचें तांबडें वेष्टन ओलसर झालेलें आणि त्याचा रंग कडेच्या पानांवर उतरलेला. सुदैवानें अक्षरांपर्यंत ओल पोंचली नव्हती. यंत्राची टाकी मात्र जेमतेम चतुर्थांश भरली होती.

शहरांतल्या एका कारागिरास दूरध्वनीवरून विचारलें. त्यानें सर्व हकीकत ऐकून घेण्यापूर्वींच सांगितलें कीं आंतला गॅस गेला आहे, दुरुस्तींत राम नाहीं, नवें घ्या. आणि तपासायचेंच असेल तर गणपतीनंतर येईन. म्हणजे ऐन श्रावणांत तीन आठवडे खोली यंत्रावांचून! इतक्या ओलींत कागदावर बुरशी धरण्यास तीन आठवडे लागत नाहींत. थोडे दिवस पुरतात.

न्यायशास्त्राचीं आरंभींचीं प्रकरणें ज्यांनीं वाचलीं आहेत त्यांना डोंगरावरच्या धुराचें उदाहरण ठाऊक असेल. धूर दिसला तर अग्नि आहे, हें अनुमान खरें. परंतु हेतूच चुकीचा धरला तर अनुमान कोसळतें. यंत्रांतील गॅस हा बंद तांब्याच्या नळ्यांतून फिरतो आणि त्याचें काम वेटोळें थंड करणें. तो निघून गेला तर वेटोळें थंड होणार नाहीं, आणि वेटोळें थंड झालें नाहीं तर हवेंतून पाणीच उतरणार नाहीं. आमच्या यंत्राचें पाणी तर भरपूर उतरत होतें. फक्त तें भलत्या ठिकाणीं जात होतें. शिवाय हा गॅस बाहेर पडला तर तो वायुरूपानें निघून जातो. जमिनीवर त्याचें थारोळें होत नाहीं. तेव्हां जमिनीवरील पाणी हें यंत्र आपलें मुख्य काम नीट करीत असल्याचेंच बहुधा लक्षण असतें. मोडकें यंत्र म्हणून जीं यंत्रें भंगारांत जातात, त्यांपैकीं कित्येक केवळ या एका चुकीच्या अनुमानाचे बळी असतात.

शोधाची रीत अन्वय-व्यतिरेकाची: जें असतां गळती होते व जें काढतां गळती थांबते, तें कारण. मात्र प्रत्येक वेळीं एकच गोष्ट बदलावी. सर्व उपाय एकदम केले म्हणजे गळती कदाचित् थांबेल, पण कशानें थांबली हें कळत नाहीं व पुढच्या वर्षीं पुन्हां पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. आणि कोणताही प्रयोग करण्यापूर्वीं भिंतीवरील बटन बंद करून प्लग उपसून बाहेर ठेवावा. पायांखालीं पाणी असेल तर आधीं घरचा मुख्य स्विच पाडावा, मगच यंत्रापाशीं जावें.

प्रथम टाकी. ती बाहेर काढून ओट्यावर कोऱ्या वर्तमानपत्रावर ठेवावी, गळ्यापर्यंत पाण्यानें भरावी आणि तासभर तशीच राहूं द्यावी. कागद कोरडा राहिला तर टाकी निर्दोष. भिजला तर जेथून भिजला तेथें चीर. पुष्कळ यंत्रांच्या टाक्या पॉलिप्रॉपिलीन जातीच्या मऊसर प्लॅस्टिकच्या असतात व त्या प्लॅस्टिकला कोणतीही लुकण मनापासून चिकटत नाहीं. चार दिवस धरते आणि पाण्याच्या भारानें सुटते. तेथें लांबीबिंबीच्या फंदांत न पडतां दुसरी टाकी मागवावी. टाकी बसवितांना ती शेवटपर्यंत आंत गेली आहे ना हेंही पाहावें. बोटभर बाहेर राहिली तर वरून पडणारा थेंब काठावर आपटून बाहेर उडतो. तें तरंगतें बोंडूक आपल्या जागीं मोकळें हालतें आहे ना, हेंही त्याच वेळीं बोटानें पाहून घ्यावें. तें अडकलें असेल तर टाकी भरूनही यंत्र थांबत नाहीं आणि पाणी वरून वाहतें. आमची टाकी व बोंडूक दोन्ही चांगलीं होतीं.

मग यंत्र सुरू करून त्याच्या चारी बाजूंस कोरडीं वर्तमानपत्रें पसरलीं व सूनबाई घड्याळ घेऊन बसली. अर्ध्या तासानें पहिला डाग पडला तो मागच्या डाव्या कोंपऱ्याखालीं. टाकी पुढच्या बाजूस, आणि पाणी मागें! याचा अर्थ पाणी टाकीपर्यंत पोंचण्यापूर्वींच वाट सोडीत होतें, म्हणजे दोष तबकांत किंवा भोंकांत. मागील तीन पावसाळे हेंच यंत्र याच खोलींत थेंबभरही गळलें नव्हतें. मग यंदा बदललें काय? चौकशी करतां एवढेंच निघालें कीं ज्येष्ठांत नवी मांडणी आली तेव्हां नातवानें यंत्र उत्तरेच्या भिंतीकडून दक्षिणेच्या भिंतीकडे सरकविलें होतें.

ज्यांचीं घरें जुनीं आहेत त्यांच्या ध्यानांत आलें असेल. आमच्याकडील जुन्या खोल्यांची जमीन सपाट नसते. धुतलेलें पाणी आपोआप मोरीकडे जावें म्हणून गवंडी फरशी बसवितांनाच तिला उतार देत असे. डोळ्यांना तो दिसत नाहीं, पायांना जाणवत नाहीं. पाण्याला मात्र तो तत्काळ कळतो. गवंड्याची पाणसळ आणून यंत्राच्या माथ्यावर ठेवली, तों बुडबुडा स्पष्ट एका बाजूस सरकला. उत्तरेच्या भिंतीशीं असतांना यंत्राचें तोंड उताराकडे होतें, म्हणजे तबकांतील पाणी भोंकाकडे आणखी सुखानें वाहत असे. दक्षिणेच्या भिंतीशीं त्याचें तोंड फिरलें व पाठ उताराकडे आली. तबक तें केवढें उथळ! त्याची मागची कड थोडी खालीं गेली कीं पाणी भोंकाकडे न जातां कडेवरून सांडणार, हें उघड आहे. मागच्या पायांखालीं सागाच्या दोन पातळ पट्ट्या सारून यंत्र समतल केलें आणि पुन्हां कागद पसरले. दुपारभर कागद कोरडे राहिले. संध्याकाळीं मात्र दोन-चार थेंब पडलेच.

येथेंच थांबून पुष्कळ लोक समाधान मानतात व खालीं एक थाळी सरकवितात. तसें करूं नये. उताराचें कारण दूर झाल्यावरही थोडी गळती उरली, त्याअर्थीं उतार हें पुरें कारण नव्हतें. त्याच्या जोडीला दुसरें कांहीं तरी होतें. टाकी काढून तिच्या घरांत विजेरीचा प्रकाश टाकला, तेव्हां वरच्या अंगास करंगळीएवढें भोंक दिसलें आणि त्याच्या कडेनें शेवाळासारखा चिकट गाळ लोंबत असलेला दिसला. हवेंतली धूळ, कपड्यांचे तंतु, उदबत्तीची काजळी आणि सतत ओल यांपासून असा बुळबुळीत थर तयार होतो. वाट अरुंद झाली कीं दिवसा जेव्हां पाणी बेताचें उतरतें तेव्हां तें कसेंबसें निघून जातें, आणि सायंकाळीं पावसाची सर येऊन आर्द्रता वाढली कीं तबक तुंबतें. म्हणजे एकटा गाळ असता तर टाकी कदाचित् आणखी एक पावसाळा बिनबोभाट भरत राहिली असती, आणि एकटा उतार असता तरी सर्वच पाणी मागें आलें नसतें. दोघे मिळाले आणि पोथीला पाणी लागलें.

गाळ काढण्यास मऊ ब्रश आणि औषधाची मोठी, सुई नसलेली पिचकारी एवढीं साधनें पुरतात. कोमट पाणी पिचकारीनें भोंकांतून हलक्या हातानें मारावें, ब्रश फिरवावा, पुन्हां पाणी मारावें. तार खुपसूं नये. तबकाला भोंक पडलें तर आगीतून फुफाट्यांत. फार चिकट असेल तर सिरक्यांत समभाग पाणी घालून तें थोडा वेळ राहूं द्यावें व मग धुवून काढावें. कपडे पांढरे करण्याचें क्लोरीनयुक्त द्रव येथें वापरूं नये. वेटोळ्याच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांना तें खातें, आणि सिरक्याशीं त्याचा संयोग झाला तर विषारी वायु सुटतो. साफसफाई झाल्यावर यंत्र बंद ठेवूनच पिचकारीनें थोडें पाणी तबकांत सोडून पाहावें. तें लगोलग टाकींत टपकलें कीं वाट मोकळी झाली. आमच्या यंत्रांत तें टपकलें. त्या दिवसापासून दसऱ्यापर्यंत कागदावर डाग पडला नाहीं.

गळतीचीं आणखी दोन कारणें आहेत. तीं आमच्याकडे नव्हतीं, पण इतरत्र पाहण्यांत आलीं आहेत. टाकीऐवजीं नळी लावून पाणी थेट मोरींत सोडण्याची सोय पुष्कळ यंत्रांना असते. ती नळी प्रथमपासून शेवटपर्यंत खालीं उतरत गेली पाहिजे. वाटेंत उंबऱ्यावरून चढविली, कोठें तिचा मोड झाला, किंवा तिचें टोंक साठलेल्या पाण्यांत बुडालें, तर पाणी मागें तुंबतें व यंत्रांतून सांडतें. जोडाच्या जागची रबरी चकती कडक झाली असेल तर तेथूनही थेंब येतो; ती बदलण्यास फार खर्च नाहीं. दुसरें कारण बर्फ. हवा ओढण्याची जाळी धुळीनें गच्च झाली म्हणजे वेटोळ्यावरून पुरेशी हवा जात नाहीं, वेटोळें प्रमाणाबाहेर थंड होऊन त्यावर बर्फ धरतो, आणि यंत्र थांबल्यावर तो बर्फ वितळून तबकाच्या बाहेरही पडतो. थंड प्रदेशांत हा प्रकार हिवाळ्यांत सहज घडतो. आमच्या कोंकणांत श्रावणांत बर्फ दिसला तर आधीं जाळी धुवावी. जाळी स्वच्छ असून व पंखा नीट फिरत असूनही बर्फ धरत असेल, तर मात्र गॅसची शंका रास्त आहे आणि तेव्हां कारागिरावांचून गत्यंतर नाहीं. त्या बंद नळ्यांना घरच्या माणसानें हात लावूं नये. अलीकडच्या कांहीं यंत्रांत आर-२९० म्हणजे प्रोपेन वापरतात व तो ज्वालाग्राही आहे. विजेच्या पेटीचें झांकणही उघडूं नये. प्लग काढल्यानंतरही आंतील कपॅसिटरमध्यें वीज कांहीं काळ साठून राहते. ज्या खोलींत असें यंत्र चालतें त्या खोलीच्या वीजजोडणीवर ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. असावा. तो नसेल तर यंत्राच्या किंमतींतच त्याची किंमत धरावी. घरांत रांगतीं मुलें असतील तर यांत कांटकसर कामाची नाहीं.

ही सारी खटपट कागदासाठीं, असें कोणी हंसून म्हणेल. त्यास एवढेंच सांगावयाचें कीं यंत्रानें हवेंतील ओल काबूंत ठेवण्याची विद्याच मुळीं कागदापायीं वाढली. सन १९०२ मध्यें न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांत सॅकेट-विल्हेल्म्स नांवाचा रंगीत छपाईचा कारखाना होता. एकाच कागदावर एकामागून एक रंग छापावयाचे, आणि मधल्या काळांत हवेंतील ओल बदलली कीं कागद ताणे किंवा आखडे, व दुसरा रंग पहिल्यावर नेमका बसत नसे. ही अडचण बफेलो फोर्ज कंपनीकडे गेली आणि तेथील विलिस कॅरियर या पंचवीस वर्षांच्या तरुण अभियंत्यानें थंड वेटोळ्यांची योजना करून हवेंतील आर्द्रता वर्षभर ५५ टक्क्यांवर ठेवण्याचे आराखडे केले. त्यांवर १७ जुलै १९०२ ही तारीख आहे. आज ज्यास आपण वातानुकूलन म्हणतों त्याचा उगम माणसाच्या सुखासाठीं नसून छापील कागदाच्या तंतोतंतपणासाठीं झाला! पुढें १९११ मध्यें त्यानेंच हवा, उष्णता व बाष्प यांच्या परस्परसंबंधाचीं सूत्रें अमेरिकन यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेपुढें मांडलीं.

पोथ्यांसाठीं ५० ते ५५ टक्के आर्द्रता मी पुरेशी मानतों. हौसेनें ३५ पर्यंत खालीं नेऊं नये. फार कोरडा झालेला जुना कागद पापडासारखा मोडतो. हें मोजण्यास आर्द्रतामापक लागतो व तो स्वस्तांत मिळतो, परंतु स्वस्त मापक सत्यवादी असतोच असें नाहीं. त्याची परीक्षा मिठानें करावी. एका छोट्या झांकणांत मीठ घेऊन त्यांत तें ओलें व रवाळ राहील इतकेंच पाणी घालावें, मापकासह तें घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावें आणि रात्रभर हलवूं नये. शुद्ध मिठाच्या अशा संपृक्त द्रावणावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते. मापक सकाळीं ८१ दाखवील तर तो सहांनीं खोटा. स्वयंपाकघरांतील बारीक मीठ पावसाळ्यांत पाझरूं लागतें तेंही याच नियमानें. तें पाझरलें म्हणजे हवा ७५ टक्क्यांच्या वर गेली असें समजावें. आगरांतलें जाडें मीठ मात्र त्याच्या पुष्कळ आधीं पाझरतें, कारण त्यांत मॅग्नेशियमचे क्षार असतात. त्यावर विसंबूं नये.

एक इशारा कपाटांत ठेवावयाच्या त्या पांढऱ्या गोळ्यांच्या डब्यांविषयीं. त्यांत कॅल्शियम क्लोराइड असतें. तें खरोखर ओल शोषतें आणि शोषून स्वतःच खारट पाणी होतें. असा डबा पोथ्यांच्या वरच्या फळीवर ठेवणें म्हणजे चोरास किल्ली देणें.

आमच्या थोरल्या वहिनी या सर्व प्रकरणांत एकदांच बोलल्या. टाकींतलें निर्मळ पाणी पाहून त्यांनीं विचारलें, “भावोजी, हें सोंवळ्यांत चालेल का हो?” मीं म्हटलें, “वहिनी, पाणी आकाशींचें खरें, पण वाटेंत त्याची संगत बरी नाहीं.” तें दिसतें ऊर्ध्वपातित पाण्यासारखें, पण वेटोळ्याच्या धातूवरून व त्या गाळाच्या तबकांतून तें आलेलें असतें. पिण्यास, स्वयंपाकास किंवा तीर्थास तें घेऊं नये. इन्व्हर्टरच्या बॅटरींतही घालूं नये. फरशी पुसण्यास किंवा कुंडींतल्या शोभेच्या झाडांस घालावें. वहिनी तें आतां जास्वंदीला घालतात.

यंत्र घेतांना जाहिरातींत दिवसास वीस लिटर असें लिहिलेलें दिसतें. तो आंकडा बहुधा ३० अंश उष्णता व ८० टक्के आर्द्रता यांवरचा असतो. खोली कोरडी होत गेली कीं पाणी कमी निघतें, तो दोष समजूं नये. खोली थोडी ऊन होते हेंही स्वाभाविक आहे. हवेंतून एक लिटर पाणी उतरलें म्हणजे सुमारें दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता त्या बाष्पांतून सुटते, आणि यंत्रानें खाल्लेली वीज तिच्यांत मिळते ती निराळीच.

दसऱ्यानंतर यंत्र गुंडाळून ठेवतांना टाकी रिकामी करून उन्हांत वाळवावी, जाळी धुवून सावलींत कोरडी करावी, तबकाचें भोंक पुन्हां एकदां पिचकारीनें धुवावें आणि केवळ पंखा चालविण्याची सोय असल्यास तो दोन-तीन तास चालवून आंतील ओल काढून टाकावी. मग जुनें धोतर झांकून यंत्र उभेंच ठेवावें. माळ्यावर नेतांना आडवें केलें असेल तर ज्येष्ठांत खालीं आणल्यावर लगेच सुरू करूं नये. कॉम्प्रेसरमधील तेल आपल्या जागीं परत उतरण्यास अवधि लागतो, म्हणून तें एक रात्र उभें राहूं द्यावें. जमिनीवर त्याची जागा ठरली कीं चारी पायांच्या खुणा खडूनें आंखून ठेवाव्या. आमच्या नातवानें त्या रंगानें आंखल्या आहेत, आणि सागाच्या दोन पट्ट्या यंत्राच्या पाठीशीं दोऱ्यानें बांधल्या आहेत.